जवाईबुवा वाकले त्याची गोष्ट

मित्रांनो, पडद्यावर बोटभर धूळ अन डोक्यावर फाटका टॉवेल, असा मी एक जुना कॉम्प्युटर हाय. दर्यापुरात सुभद्राबाईच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवतो. माझे भाग अमरावतीत जोडले, अन तिथून शेअर जीपमधी, एका बाईच्या मेथीच्या गठ्ठ्यावर बसून मी इथं आलो. पहिल्या दिवशी मले कुंकू लावलं. लोक म्हनत, "काय अक्षर काढते बाप्पा!" आता जरा अटकलो की थापड बसते.

थापडीचं काई नाई. खरं दुखनं म्हंजे अपडेट. 'आता करू की मंग करू?' असं विचारते, अन आपन तोंड उघडाच्या आधी करून मोकळं होते.

परवा देवमनभाऊ आले. त्याईच्या धाकट्या पोरीचं, ललिताचं लगन.

"सुभद्राबाई, मोठ्या जवायाचं नाव निमंत्रकांच्या यादीत सगळ्यात वर पायजे. साखरपुड्याच्या फ्लेक्सवर खाली आलं, त शुभमराव भरल्या ताटावरून उठून अकोल्याले चालले गेले. आता रुसले त आमची थोरली, वर्षाली, बी येनार नाई. अन ललिता म्हनते, ताई नाई त मी बोहल्यावर चढतच नाई."

"दम धरा भाऊ. पत्रिका झाल्याबिगर मी उठत नाई."

तिनं नाव वर टाकलं. तपासाले खुद्द शुभमराव दारात आले, अन तेवढ्यात अपडेट! मी बंद झालो, चालू झालो, त सारी पत्रिका उलटी. गणपती तळाशी, डोकं खाली. 'आमच्या मावशीच्या लग्नाले यायचं हं' हे लेकरांचं वाक्य शेंड्यावर. अन यादीत शुभमराव सगळ्यात खाली.

"पाह्यलं मामाजी? पुन्हा खालीच!"

"अवो जवाईबुवा, गणपती बी उलटा हाय ना!"

"गणपतीचं गणपती पाहीन. मी चाललो."

सुभद्राबाईनं कागदावर काढून दाखवाले प्रिंटर चालू केला. अपडेटनंतर त्यानं मले ओळखच देली नाई. मंग तिनं मलेच उचललं अन डोक्यावर उभं केलं, दोन बाजूले पत्रिकांचे गठ्ठे लावून. झालं सुलटं! शुभमरावानं चष्मा पुसला, डोळ्याले लावला, अन दुसरं अपडेट आलं. पडदा आपल्या मनानं सुलटा झाला. मी मात्र पाय वर करून तसाच. नाव पुन्हा खाली, अन वरून पडदाभर हिरव्या पट्ट्या.

सुभद्राबाई दारात आडवी उभी राहिली.

"शुभमराव, आता याले हात लावला त तिसरं येईन. तुमी वाका."

"मी? सासऱ्यासमोर?"

"सासऱ्यासमोर नाई. तुमच्या नावासमोर."

शुभमरावानं रस्त्यावर कोनी पायते का ते पाह्यलं. माझ्याकडं पाठ केली, अन वाकून मुंडकं दोन टोंगळ्यांच्या, म्हंजे गुडघ्यांच्या, मधात घातलं.

"वर हाय!" टोंगळ्यांमधून आवाज आला. "अन जाड अक्षरात बी हाय!"

देवमनभाऊनं तोंडात दुपट्टा कोंबला.

उलटा पडदा होता, पत्रिका नाई; ते पेनड्राईव्हमधी घेऊन अकोल्याच्या प्रेसले शुभमराव स्वतः गेले. लगनात वर्षाली आली, ललिता बोहल्यावर चढली. मले बी एक पत्रिका चिटकवली, सुलटी.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरची धूळ पुसत जा, थापडा मारू नका. अपडेट जरूर करा, पन हातचं काम जपून ठेवून, आपल्या सवडीनं.

हे सांगून राहिलो अन कोपऱ्यात पुन्हा पाटी आली: पाच मिनिटांत सुरू होईल. येऊ द्या. सुभद्राबाईनं पदर खोचला हाय. आमी दोघांनी वऱ्हाडातला जवाई वाकवला; हे अपडेट कोन लागून गेलं?