पलीकडचा खांदा

"काकू, अजून वेळ गेली नाही, नव्या पुलावरून गाडीनं नेऊ या. लगेच चर्च येतं," फिन्टन म्हणाला. गावाचे अंत्यविधी त्याच्याच घराण्याकडे.

"माझा मलाकी जुन्या पुलावरूनच जाणार," नवऱ्याच्या शवपेटीशेजारी उभी डेलिया म्हणाली. "अर्ध्यावर पलीकडचे येतील."

चर्च पलीकडच्या काठाला, दफनभूमी अलीकडच्या. त्यामुळे कुणीही गेलं तरी पूल ओलांडणं आलंच. यादवीत सैनिकांनी मधली कमान उडवली, तेव्हा फळ्यांवर उभं राहून लोकांनी शवपेट्या या काठाहून त्या काठाला हातोहात दिल्या म्हणे. कमान पुन्हा बांधली, पण रीत राहिली: अर्ध्यावर समोरच्या काठानं खांदा घ्यायचा. मलाकीनं गिरणीतली पाळी बुडवून पलीकडच्या कितीतरी जणांना खांदा दिला होता.

मग गिरणी बंद पडली. पलीकडची घरं विकली गेली, दारांवर किल्ल्यांच्या पेट्या लागल्या आणि दोन रात्रींपुरते भाड्यानं राहणारे पाहुणे येऊ लागले. वस्ती उठल्यावर नगरपालिकेनं पुलावर 'जिवंत वारसा' अशी पाटी ठोकली. मेल्या म्हशीला मणभर दूध!

मध्यावर शवपेटी थांबली.

"मामी, खांदे भरून आले गं," भाचा डेक्लन म्हणाला.

"थांब जरा. निरोप धाडलाय मी."

पलीकडून एक माणूस घाईघाईनं येताना दिसला. डेलियाच्या जिवात जीव आला. तो चाकांची बॅग ओढत जवळ आला आणि म्हणाला, "माफ करा हं, ही मिरवणूक किती वेळ चालेल? माझी टॅक्सी उभी आहे."

"मिरवणूक कसली? माणूस मेलाय आमचा!" डेक्लन ओरडला.

"अरेरे. मग कडेनं जाऊ का?"

डेलियानंच बाजूला होऊन त्याला वाट दिली. तिला त्याचा राग आला नाही. राग आला तो मलाकीचा. जन्मभर लोकांसाठी खांदे झिजवले, आणि त्याच्या वेळेला हे! ती पुढचा खांदा दिलेल्या फिन्टनकडे वळली.

"माझं माहेर पलीकडचं. मला जागा दे."

"काकू, बाईमाणसानं कधी..."

"तू सरक."

तो सरकला. डेलिया ठेंगणी, शवपेटी तिच्या खांद्याला टेकेचना. तेव्हा तिनं हात उंच करून तळवा खाली लावला आणि चालू लागली. बाईनं खांदा दिला म्हणून नावं ठेवायला तरी पलीकडे कोण उरलं होतं?