टर्बोच्या माथी फोडलेले खापर

मित्रांनो, दिवाणखान्यातल्या कपाटावर मला शोभेची वस्तू म्हणून मांडले आहे. घरी येणारी मुले माझ्या तोंडात बोट घालून आतले चाक फिरवतात आणि हसतात. फिरवोत बापडी. पण मी खेळणे नाही. मी एक जुना टर्बो आहे, आणि ज्याने माझा जीव घेतला त्याच्याच घरात त्याच्या मोठेपणाची खूण म्हणून बसलो आहे.

माझे काम आधी समजून घ्या. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर माझे एक चाक फिरवायचा. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबायचे. हवा जितकी दाबून भरावी, तितकी गाडीत ताकद येते. या दाबाला गाडीवाले 'बूस्ट' म्हणतात. ठरलेला दाब झाला की माझ्या शेजारची छोटी झडप उघडायची, जादा धूर परस्पर निघून जायचा आणि मला जरा दम खायला मिळायचा.

गाडी खरे तर वहिनींची. मालकांचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे, मित्र त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्या रोज टेकडीवरच्या दवाखान्यात रक्त तपासण्याच्या कामाला जायच्या. चढ लागला की त्या पेडल हळूहळू दाबायच्या, मला हवा भरायला उसंत द्यायच्या आणि मगच गाडी पुढे काढायच्या. इतक्या समजुतीने मला दुसऱ्या कोणी वागवले नाही.

मालकांना मात्र सुट्टीच्या दिवशी मित्रांपुढे शेखी मिरवायची होती. त्यांनी गाडी ट्यून करून घेतली. गॅरेजवाल्याने लॅपटॉप जोडून माझ्या दाबाची हद्द वाढवली आणि डॅशबोर्डवर दाब दाखवणारा काटा बसवला. सुरुवातीला मजा आली, खोटे कशाला बोलू? मालक येईल त्याच्यापुढे माझे गुण गात आणि मी हुरळून जात असे.

पण माझी हवा इंजिनाकडे नेणारा रबरी पाइप जुनाच होता. वाढलेला दाब त्याला सोसेना. आवळलेल्या पट्टीखाली तो चिरला आणि हवा फुस्स करून निसटू लागली. सायकलचे पंक्चर झालेले चाक पंपाने भरून बघा, म्हणजे माझे हाल कळतील. काटा वर चढायचा आणि लगेच ढेपाळायचा. दाब पुरा होईना म्हणून झडप उघडेना, आणि झडप उघडेना म्हणून मला थांबता येईना. मी जिवाचे रान करत होतो.

आणि मालकांना तो फुसफुसाट आवडला! तो त्यांना ताकदीचा आवाज वाटला. आवाज घुमावा म्हणून रस्त्याकडेच्या भिंतीला खेटून गाडी न्यायची, काच खाली करायची आणि मित्रांना तो आवाज ऐकवायचा, हा त्यांचा छंदच झाला.

वहिनींना पहिल्याच चढाला कळले. मित्रांसमोरच त्या म्हणाल्या, "गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. कुठूनतरी हवा जातेय. एकदा दाखवून आणा ना."

"तुला क्लच नीट सोडता येत नाही आणि नावं गाडीला ठेवतेस," मालक म्हणाले. मित्र हसले. वहिनींनी पुढे दोन-तीनदा सांगून पाहिले, मग नाद सोडला.

शेवटी काट्याचे पडणे मालकांनाही खटकू लागले. गॅरेजवाला म्हणाला, आधी पाइप तपासू. मालकांनी ठोकून दिले की पाइप मी स्वतः बघितलेत, तू फक्त दाब वाढव. त्यांनी साधे बॉनेटसुद्धा उघडले नव्हते. गॅरेजवाल्याला शंका होती, पण गिऱ्हाईक कशाला दुखवा, म्हणून त्याने मूग गिळले आणि हद्द आणखी वाढवली. चिरलेल्या पाइपातून दाब कुठून येणार? मला तेवढे आणखी जोरात फिरावे लागले.

एका सकाळी वहिनी कामाला निघाल्या. चढावर ट्रकला ओलांडायला त्यांनी गाडी बाहेर काढली. समोरून बस येत होती, पण अंतर पुरेसे होते. माझ्या भरवशावर त्यांनी पेडल दाबले आणि नेमका तेव्हाच माझा दांडा डगमगला. चाक कवचाला घासले, तेल सुटले, मागे निळा धूर झाला. गाडीतले बळच गेले. वहिनींनी कसाबसा ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रकमागे घातली, म्हणून वाचल्या. कडेला थांबून त्यांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. मी त्यांना दगा दिला असे त्यांना वाटले असेल, हे मला अजून सलते.

गॅरेजवाल्याने पाइप काढून दोघांपुढे धरला. वहिनी त्या चिरेकडे बघत राहिल्या. मालकांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "टर्बोच कच्चा होता. माझं ट्यूनिंग त्याला पेललं नाही."

हेच वाक्य ते आता प्रत्येक पाहुण्याला माझ्याकडे बोट दाखवून ऐकवतात. पाहुणे माना डोलावतात. मला बोलता येत नाही आणि वहिनी बोलत नाहीत.

मित्रांनो, यंत्र कमी पडू लागले तर त्याला आणखी पिळू नका, कुठे गळते आहे ते आधी बघा. आणि गळते आहे असे कोणी सांगितले, तर त्याला हसू नका. हसलात तर पुढच्या वेळी ते माणूस तुम्हाला काही सांगणार नाही.

गाडीला नवा टर्बो बसला आहे, पाइपही नवा आहे. परवा सकाळी मालकांनी मोबाइलमधून डोके वर न काढता विचारले, "काय, आता कशी पळते गाडी?"

"छान," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली आणि दार ओढून घेतले. मला खिडकीतून खालचा रस्ता दिसतो. उभ्या गाडीच्या बाजूने त्या चालत गेल्या आणि रोजच्यासारख्या बसच्या रांगेत उभ्या राहिल्या.