म्हशींपासून लांब

शिंगरू सकाळी सातला गेलं, आणि दहाच्या सुमारास जलालुद्दीनला कळलं की ते त्यानंच मारलं.

कळलं ते जनावरांच्या डॉक्टर रंजीता मॅडमच्या तोंडून. नवरगावात जाहिदच्या अंगणात त्या उकिडव्या बसून शिंगराचा जबडा चाचपत होत्या. जाहिद, म्हणजे जलालुद्दीनच्या बायकोचा, सुलतानाचा धाकटा भाऊ, खड्ड्यासाठी फावडं मागायला गेला होता.

"चाचा, याच्याआधी इथी कोणती घोडी आजारी होती?"

"माही बताशी होती ना. पन तिले घटसर्प झाला होता. आता ठणठणीत आहे."

मॅडमनी जबड्यावरचा हात काढला. "घोडीले घटसर्प? कोणी सांगितलं तुम्हाले?"

"सांगाले काऊन पाह्यजे? गळा सुजला म्हणजे घटसर्पच ना?"

आता त्याला तरी काय दोष द्यायचा? त्याच्या सिंदेवाहीत घरोघरी म्हशी, आणि पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्पाची लस टोचायला हीऽऽ गर्दी. गळा सुजला की घटसर्प, हे तिथं शेंबडं पोरही सांगतं. तो गळा म्हशीचा की घोडीचा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

बताशी त्याची वरातीची पांढरी घोडी. सिंदेवाहीतले निम्मे नवरदेव तिच्या पाठीवर बसून मांडवात गेलेले. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नाकातून पिवळा शेंबूड वाहू लागला आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ आली. शेजारच्या नानाजींनी कुंपणावरून ती पाहिली मात्र, ते धावतच आले.

"जलालभाऊ, हा घटसर्प होय! माह्या दोन्ही म्हशी दुभत्या आहेत. हात जोडतो, आजच्या आज हलव इले."

दुसऱ्याच्या म्हशी आपल्यापायी मराव्यात, हे जलालुद्दीनच्या इमानात बसणारं नव्हतं. दुपारीच त्यानं छोटा हाथी टेम्पो बोलावला, बताशीला वर चढवलं आणि थेट नवरगाव गाठलं. जाहिदकडे म्हैस औषधालाही नव्हती. होती एक घोडी, आणि तिचं सहा महिन्यांचं तांबूस शिंगरू. "म्हैस नाई ना? मंग काई चिंता नाई," असं म्हणून जलालुद्दीन स्वतःच्या अकलेवर खूश झाला होता. नानाजींनी दुसऱ्या दिवशी सुलतानाकडे गाडगंभर दही पाठवलं. तुमच्यासारखा शेजारी मिळायला नशीब लागतं, असा निरोपही.

पाचव्या दिवशी बताशीची गाठ फुटली, पू वाहून गेला आणि ती खाऊ लागली. म्हणून तर आठवड्याभरापूर्वी शिंगराचा गळा सुजला तेव्हा जाहिद घाबरला नाही. बताशीचं फुटलं तसं याचंही फुटेल म्हणत त्यानं हळदीचा लेप लावला. पण शिंगराच्या गाठी आतल्या आत वाढल्या. आज पहाटे त्याचा श्वास घरघरू लागला आणि जाहिदचा फोन आला. जलालुद्दीन पोचला तेव्हा ते मान ताणून, तोंड उघडून हवा ओढत होतं. मॅडम यायच्या आधीच ते थांबलं.

"घटसर्प म्हशींचा, गाईंचा," मॅडम हळूच म्हणाल्या. "हा घोड्यांचा रोग आहे, चाचा. नाकातल्या शेंबडातून, पुवातून, एका बादलीतून या घोड्याचा त्या घोड्याले लागते. तुमच्या शेजाऱ्याच्या म्हशींले यानं काईच झालं नसतं. तुम्ही तिले नेमकं घोड्यात आणून बांधलं."

जलालुद्दीन तिथंच मातीत बसला. ज्यांना काही होणारच नव्हतं त्या म्हशी त्यानं वाचवल्या होत्या, आणि वर त्याबद्दल नानाजींचं दही खाल्लं होतं! ते आठवून त्याला भडभडून आलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं वाटलं.

"शिंगराच्या मायवर नजर ठेवा. आन् बताशी बरी दिसली तरी अजून काई आठवडे तिच्यापासून रोग लागन. कोणत्याच घोड्याजवळ नेऊ नका," एवढं बजावून मॅडम गेल्या.

जाहिद फावडं घेऊन आला. दाजी मातीत बसलेला पाहून त्याचेही डोळे भरून आले.

"रडू नका, दुल्हाभाई. तुम्ही पह्यले एक काम करा, बताशीले घेऊन जा इथून. माह्या शिंगराचा रोग तिले लागला तं? आताच तं बिचारी बरी झाली."

आणि त्यानं स्वतःच बताशीला सोडलं, आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं तोंड पुसलं आणि दोर दाजीच्या हातात दिला.

दोर हातात होता. मॅडम गेल्या होत्या. निघून गेलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, आणि तसं क्षणभर जलालुद्दीनच्या मनात आलंही.

"जाहिद," तो म्हणाला, "उलटं आहे रे. तिचाच याले लागला. म्या आणला."

जाहिदला आधी कळलंच नाही. मग त्यानं शिंगराकडे पाहिलं, आणि मग खुंट्याजवळच्या बादलीकडे. बताशी आजारात अर्धा कोंडा टाकून द्यायची.

"वाया काऊन घालवायचा म्हणून तिचं उष्टं रोज मीच त्याच्यापुढं ठेवत होतो, दुल्हाभाई," तो म्हणाला.