उंबऱ्याबाहेरचा पाय

लालबागच्या त्या चाळीत उत्तमरावांचा पाय गॅलरीत चपलांशेजारी उभा दिसला, की शेजाऱ्यांनी ओळखावं, म्हातारा घरी आहे.

गिरणीचा संप फिसकटल्यावर उत्तमराव रे रोडला लाकडाच्या वखारीत लागले. तिथे एका ओंडक्याने त्यांचा डावा पाय मांडीपासून नेला. कृत्रिम पाय आला तो बुटासकट. बूट काढला की पाय मागे कलंडायचा. आणि त्यांच्या बायकोच्या, काशीबाईंच्या घरात पायताण येणं म्हणजे साक्षात विटाळ. मग तोडगा निघाला: बूट निघत नाही ना, मग अख्खा पायच बाहेर ठेवा. घरात उत्तमराव भिंत धरून लंगडी घालत.

सून कालिंदी हे श्वास रोखून बघायची. तिला पुन्हा नोकरीवर जायचं होतं, आणि लेकीला बालवाडीत न्यायचं काम आजोबांवर येणार होतं. पण त्या जुन्या पायाचा गुडघा मधेच दगा द्यायचा. जिन्यात, लेकीचं बोट धरलेलं असताना दिला तर? या एका ‘तर’पायी तिची झोप उडाली होती.

इस्पितळात भरवशाचा नवा गुडघा फुकट मिळणार होता. मात्र डॉक्टर अच्युत माणसाच्या शब्दावर विसंबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी कृत्रिम पायाच्या घोट्याला काडेपेटीएवढा सेन्सर बांधला. “आठवडाभर नेहमीसारखं राहा. चाल कशी आहे, ते हा सांगेल.”

उत्तमराव नेहमीसारखे राहिले. पाय गॅलरीत राहिला.

आठवड्याने पडद्यावरचा आलेख बघून डॉक्टर खुर्चीतच उडाले. “वा! रोज सकाळी तासभर अखंड चाल! एवढा समतोल मी धडधाकट माणसातही पाहिला नाही. तुम्हाला नवा गुडघा कशाला हवा?”

रोज सकाळी? सोबत आलेली कालिंदी सासऱ्यांकडे बघू लागली. सकाळी तर मामा खाटेवर पेपर वाचत असतात. आणि पाय... पाय शेजारच्या राधाबाईंच्या गॅलरीतल्या वॉशिंग मशीनला टेकवलेला असतो!

“डॉक्टर, ते मशीन हललं हो. मामा नाही.”

“आलेख खोटं बोलत नाही.”

“मग त्यांना एकदा चालताना तर बघा!”

उत्तमराव उठून उभेसुद्धा राहिले. डॉक्टरांची मान पडद्यातून वर येईना.

“ऱ्हवांदे गो,” उत्तमराव हसले. “संपात आमचा साहेब असाच. सकाळी भोंगा वाजवायचा, चिमणीतून धूर सोडायचा नि सगळ्यांना सांगायचा, गिरणी चालू! आत साच्यावर कापड विणायला कुत्रं नव्हतं.”

डॉक्टर दुखावले. “ठीक आहे. आणखी एक आठवडा. पण पाय अंगावर पाहिजे. घरातसुद्धा.”

घरी काशीबाई उखडल्या. “पायताण? देव्हाऱ्यासमोर? शिकलीस ती ह्याच्यासाठी?”

“आई, नात जिन्यावरनं गडगडली तर देव काय म्हणेल?”

काशीबाई बादली घेऊन आल्या. मग बूट तळापासून घासला, गोमूत्र शिंपडलं आणि नव्या नवरीसारखा भाकरतुकडा ओवाळून टाकला. “या आत,” म्हणाल्या. नवऱ्याला की पायाला, ते कुणाला कळलं नाही.

त्या आठवड्यात गुडघा मोरीपाशी दुमडला, खाटेपाशी दुमडला, एकदा तर थेट देव्हाऱ्यापुढे. “चला, नमस्कार झाला,” उत्तमराव जमिनीवरूनच म्हणाले. काशीबाई धावत त्यांना उठवायच्या आणि लगेच सुनेकडे वळायच्या, “डबीनं बघितलंन ना गो?”

डबीने बघितलं होतं. डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने अहवाल वाचला: “रुग्णाची चाल आठवड्याभरात झपाट्याने खालावली आहे. पूर्वीचा असामान्य समतोल संपूर्ण नष्ट. नवा गुडघा तातडीने मंजूर.” आणि खाली सही ठोकली.

कालिंदीने कागद झटक्यात पर्समध्ये टाकला.

“एक विचारू?” डॉक्टर हळहळले. “पहिल्या आठवड्यात खात काय होतात हो?”

“मामा, नको,” कालिंदी पुटपुटली.

“साबणाची पावडर,” उत्तमराव म्हणाले.