शेवटची आठ पानं

मित्रांनो, मी एक जुनी रहस्यकादंबरी आहे. माझा जन्म १९७८ सालचा, पण धाटणी त्याहून कितीतरी जुनी. डोंगरावरचा एकटा बंगला, बारा पाहुणे, आतून कडी लावलेली खोली आणि तिच्यात मरून पडलेला मालक. माझी पानं उघडली की खोलीभर धुकं पसरतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

वाशीत तेव्हा इमारती कमी आणि मोकळं रान जास्त होतं. तिथे मुक्ताबाईंनी आपल्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं. लोक रहस्यकथा नेत आणि महिना महिना परत करत नसत. मुक्ताबाई खमक्या. त्यांनी माझी शेवटची आठ पानं सरळ सोडवली आणि पाकिटात घालून टेबलाच्या खणात ठेवली. आधी पुस्तक परत करा, मग स्टुलावर बसून खुनी कोण ते वाचा. मला फार राग आला. पण स्टुलावर बसलेल्यांचे चेहरे पाहायला मिळू लागले आणि राग कुठल्या कुठे पळाला.

खाडीकाठच्या गावातले गोवर्धनकाका माझे वाचक होते. छाती अधू झाल्यामुळे त्यांचं होडीवर जाणं सुटलं होतं. दुपारी ओट्यावर बसून ते मला मोठ्याने वाचत. त्यांची बायको कमळी मासळी साफ करताना ऐके आणि नाक मुरडे. एवढ्या खोल्या झाडतं कोण, असं तिने एकदा विचारलं, तेव्हा काका पोट धरून हसले.

मग ते अंथरुणाला खिळले. मला परत करायची तारीख उलटली. खुनी कोण, एवढा एकच ध्यास त्यांना उरला होता आणि ती पानं तर खणात. मुक्ताबाई जाब विचारायला आल्या आणि काकांना पाहून तशाच माघारी फिरल्या. दुसऱ्या दुपारी त्या पाकीट घेऊन आल्या. ते पाकीट तोवर कधी घराबाहेर पडलं नव्हतं.

त्यांनी पहिलं पान वाचलं आणि काकांनी हात वर केला.

"थांब बाय. आज एकच पान. उद्याला कायतरी ऱ्हाऊं दे."

मुक्ताबाई रोज येत राहिल्या. सात दुपारी, सात पानं. काका डोळे मिटून त्या बंगल्यात फिरत आणि मुक्ताबाईंनी दार वाजवलं की डोळे उघडत. इतकं सावकाश मला कुणीच वाचलं नव्हतं. त्या दुपारी मी फार सुखात होते.

आठव्या दिवशी पहाटे काका गेले.

तेरावं झाल्यावर मुक्ताबाई मला न्यायला आल्या. कमळीने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"एक पान ऱ्हायलंय. वाच. त्याना मी सांगन."

मित्रांनो, पुस्तकं वेळेवर परत करा, त्यांची पानं दुमडू नका. आणि घरात कुणाचं पुस्तक अर्धं राहिलं असेल, तर त्याच्याजवळ बसून रोज एक पान तरी वाचा.