बायजाबाईच्या बांधीतला खांब

विजेच्या खांबासाठी खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून बायजाबाई सकाळपासून बसली होती. पोलीस पाटील दोनदा येऊन गेला, ओव्हरसियरने तर चक्क हात जोडले, पण म्हातारी ढिम्म हलली नाही. ऐंशी सालचा माघ चालू होता. अड्याळच्या बौद्ध वस्तीत वीज यायची तर तार तिच्याच धानाच्या बांधीवरून जाणार होती, दुसरीकडून वाटच नव्हती. वस्तीतल्या बायका आधी समजावून थकल्या, मग बोल लावून थकल्या. शेवटी ओव्हरसियरने सांगून टाकलं, की उद्यापर्यंत ही उठली नाही तर पवनीहून पोलीस येतील आणि उचलून बाजूला ठेवतील.

"तुझ्याच मोहल्ल्यातली ना ती?" ओव्हरसियर आपल्या वायरमनला, डोमाला म्हणाला. "मग तूच काढ तिची समजूत."

डोमाने मान डोलावली. म्हातारी कशासाठी बसली आहे हे अख्ख्या गावात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, कारण ते खूळ तिच्या डोक्यात त्यानेच घातलं होतं.

श्रावण तिचा एकुलता एक. वस्तीतून नागपूरला शिकायला गेला आणि थेट लढाऊ विमान चालवायला लागला. त्याचा फोटो आला तेव्हा बायजाबाईने तो अख्ख्या बाजारात फिरवला होता. डोमाही तेव्हा हवाई दलातच, पण जमिनीवर, रडारच्या पडद्यासमोर. एकाहत्तरच्या लढाईत श्रावणची तुकडी सरहद्दीपलीकडे गेली त्या दुपारी डोमा ड्यूटीवर होता. पडद्यावरून चार ठिपके गेले आणि तीनच परतले. चौथा एकाएकी नाहीसा झाला. खालून क्षेपणास्त्र सुटलं होतं की साधी तोफ, ते कोणालाच नक्की कळलं नाही. घरी तार आली, तीत 'बेपत्ता' एवढंच होतं.

डोमा सुट्टीवर आला तेव्हा बायजाबाईने त्याला समोर बसवून घेतलं आणि खालून मारा आला की विमानवाला काय करतो ते विचारलं. तिच्या तोंडाकडे पाहून डोमाने वैमानिकांना मिळणारे सगळे धडे सांगून टाकले. क्षेपणास्त्र धूर सोडत येतं, त्याच्यावरची नजर काढायची नाही. लवकर वळलं तर तेही मागोमाग वळतं, म्हणून ते जवळ येईपर्यंत दम धरायचा, आणि मग एकदम त्याच्याच रोखाने खाली वळायचं. त्याचा वेग फार, त्याला तसं वळता येत नाही, ते पुढे निघून जातं. मग झाडांच्या शेंड्यांना लागून विमान काढायचं, म्हणजे रडारला ते दिसतच नाही.

"म्हंजे श्रावणचा ठिपका गेला थो असाच?" तिने विचारलं होतं.

डोमा हो म्हणाला. त्या एका शब्दावर म्हातारी आठ वर्षं जगली. शिकरा मागे लागला की पारवा धानात घुसतो, हे ती जन्मभर बघत आलेली, तिला लगेच पटलं. पुढे तिने धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, मोहाचं झाड तोडायला लावलं, तेव्हा लोकांना वाटलं, सरपणासाठी असेल.

डोमा खड्ड्याच्या काठावर तिच्याजवळ बसला.

"मावशी, ऊठ. उद्या पोलीस येतीन."

"येऊ दे. थो खालून उडून राहिला, तूच सांगतलं. तार दिसन का त्याले?" मग तिनेच तोड काढली. कमरेला खोचलेलं लाल फडकं, श्रावणच्या जुन्या सदऱ्याचं, तिने त्याच्या पुढ्यात ठेवलं. "नाईच आयकत तं हे बांध तारेले. लाल दुरून दिसते."

फडकं बांधायला दोन मिनिटं लागली असती आणि काम झालं असतं. पण हवाई दलातून सुटून आल्यापासून डोमा रोज तिच्या दारावरून जायचा, रोज ती आज विमानाचा आवाज आला का विचारायची, आणि रोज तो काहीतरी ठोकून द्यायचा. त्या खोट्याचा त्याला वीट आला होता.

"मावशी, त्याच्याजवळ तेल चाळीस मिन्टाचं होतं," तो म्हणाला. "खाली उतरला असता तरी तेल सरल्यावर कुठं जाईन? विमान पडलं तरीबी ठिपका जाते. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसते. म्या तुले खोटं सांगतलं."

"चाळीस?"

"चाळीस."

उठायला तिने हात पुढे केला, डोमाने तो धरला. तिने शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. फडकं तिथेच टाकून ती लाखोळीच्या पिकातून घराकडे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खांब उभे राहिले, तार ताणली गेली. वीज अजून सोडायची होती. डोमा खांबाच्या टोकाला बसला होता आणि वरून त्याला बायजाबाईची बांधी पहिल्यांदाच पुरती दिसली. धुऱ्यावर झाड नाही, झुडूप नाही, खालून येणाऱ्या विमानाला काही आडवं येऊ नये म्हणून म्हातारीने आठ वर्षं सगळं साफ ठेवलं होतं. ती वाट बघत होती तोवर त्याच्याही मनात कुठेतरी तो ठिपका झाडांआडून चाललेला होता. आता वाट बघणारं कोणीच उरलं नव्हतं. त्याने काल उचलून खिशात ठेवलेलं लाल फडकं काढलं आणि तारेला घट्ट गाठ मारून बांधलं.

खाली बायजाबाई शेणाची टोपली घेऊन जात होती. ती थांबली. मान वर करून तिने बघितलं.

"कायले बांधून राहिला डोमा?" ती म्हणाली. "सोड ते. दे इकडे, पोतेऱ्याले होईन."

गाठ घट्ट बसली होती. डोमाला ती सुटता सुटेना. खाली टोपली ठेवून, हात वर पसरून, म्हातारी उभी होती.