खाचरातला उंचवटा

मी वाफा बोलतोय. साधासुधा नाही, गादीवाफा. नावात गादी असली तरी माझ्यावर आजवर झोपलं ते फक्त शेजारच्या गजाचं कुत्रं, आणि तेही एकदाच. अंबाबाईंनी त्याला असं हाकललं की पुन्हा त्यानं इकडं तोंड दाखवलं नाही. पण येणारी-जाणारी माणसं बांधावर थांबतात, माझ्याकडं बोट दाखवून हसतात. म्हटलं, आपली हकीकत आपणच सांगावी. वेळही आता थोडाच उरलाय.

जन्मानं मी भाताचं खाचर. पळसदरीच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी पोपटरावांचं घर आहे, त्याच्या मागच्या अंगाला मी. पोपटरावांच्या खाचराचं आसपासच्या गावांत नाव आहे. जमीन अशी सपाट, की पाणी सोडलं तर चारी कोपऱ्यांत सारखंच उभं राहतं. आणि बांध तर विचारू नका! लोकांच्या बांधांना खेकडे भोकं पाडतात, पाणी निघून जातं, मग सकाळी शिव्या ऐकू येतात. पोपटरावांच्या बांधातून थेंब झिरपत नाही. ओला चिखल लावून, टाचेनं दाबत दाबत ते बांध घालतात तेव्हा नुसतं बघत राहावं.

भात निघालं की माझ्यावर वाल, आणि वाल निघाले की भेगा पडलेल्या अंगानं उन्हाळाभर पडून राहायचं, ही माझी रीत. ती मोडली सुरभीनं.

सुरभी ही पोपटरावांची सून, राजेशची बायको. घाटावरची, जुन्नरकडची. तिच्या माहेरी भाजीची रोपं तयार करून विकतात. इथं आल्यावर ती कर्जतला एका औषधांच्या दुकानात कामाला लागली. पण हाताची खाज कुठं जाते? माघात वाल निघाले आणि कुदळ खांद्यावर टाकून ती माझ्या एका कोपऱ्यात येऊन उभी राहिली.

कारण होतं अंबाबाईंची पुरचुंडी. अंबाबाई म्हणजे तिच्या सासूबाई. घाटावरच्या रीतीनं सुरभी त्यांना आत्या म्हणते आणि पोपटरावांना मामा. अंबाबाईंनी फडक्याची गाठ सोडून राखेत घोळलेलं चिमूटभर बी तिच्या तळहातावर ओतलं.

“माझ्या म्हायेरचं वांगं हाय. हिरवं-पांढुरकं, मुठीयेवढं. चुलीत भाजलं ना, तर साल आपसूक निघते. आईनं दिल्यालं. आता कुणाकडंच नाय राहिलं गं. भावानं जमीन दिली, तिथं बंगलं झालं. मागल्या साली मी टाकलं ते मुंग्यांनी नेलं. येवढंच हाय बघ.”

“मग थोडं मागं ठेवू का, आत्या?”

“ठेवून काय करतीस? बी जुनं झालंय. पुढल्या साली एक उगवायचं नाय. तुला येतंय, तू टाक.”

म्हणजे साराच भार त्या पोरीच्या हातावर आणि माझ्या पाठीवर. मी खाचर होतो तोवर असली जोखीम कधी घेतली नव्हती. भाताचं बी पायलीनं पडतं, थोडं गेलं तर कुणी डोळ्यांत पाणी आणत नाही.

तिनं मला खणायला घेतलं. ढेकळं फोडली, भाताची धसकटं वेचून काढली. नदीची रेती आणून मिसळली, चाळलेलं शेणखत घातलं, आणि चारी बाजूंनी माती ओढून मला वीतभर उंच केलं. वर सपाट, कडा उतरत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी आजूबाजूच्या जमिनीकडं वरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

पोपटराव बांधावर उभे राहून बघत होते. न राहवून म्हणाले, “माती वर काढतेस? पाणी सगळं खाली पळंल की गं!”

“तेच तर पाहिजे, मामा. पाणी साठलं की रोपाची मुळी कुजते.”

“पाणी पळवायला शेती करायची?” पोपटराव हसले. पण मग गंभीर होऊन म्हणाले, “तुझं तू कर. पन राब भाजल्याबिगर बी टाकू नको. तेवढं माझं ऐक.”

सुरभीनं ऐकलं. पोपटरावांनी माझ्यावर वाळला पाला, शेणाच्या गोवऱ्यांचा चुरा, गवत असे थरावर थर रचले, वर मातीचा हात फिरवला आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवलं. राब कसा हळूहळू धुमसत गेला पाहिजे, भडकता कामा नये, हे त्यांच्याकडून शिकावं. माझ्या पोटातलं तण, किडे, बुरशी सगळं त्यात गेलं. सुरभी म्हणाली, “मामा, आमच्याकडं यासाठी बाटलीतलं औषध ओततात. हे बेस्ट आहे.” पोपटरावांनी मिशीवरून हात फिरवला. दोन दिशांचं शहाणपण माझ्या एकट्याच्या अंगावर एकत्र आलं होतं, आणि मी त्या दोघांवरही खूश होतो.

मग काडीनं आडव्या रेघा ओढून सुरभीनं एकेक बी सोडलं. वरून बारीक खत भुरभुरलं, पेंढा अंथरला. सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्या आल्या, हातपाय धुवायच्याही आधी, ती झारीनं पाणी शिंपडायची. झारीचं पाणी कसं हलकं पडतं, ते मातीलाच कळतं. अंबाबाई दिवसातून कितीदा यायच्या, पेंढा किंचित उचलून बघायच्या आणि परत ठेवायच्या.

बी जुनं, तरी उगवलं! सगळं नाही, पण रेघा ओळखू येतील इतकं. अंबाबाईंनी पेंढा काढला आणि तिथंच बसून राहिल्या. “आलं गं,” एवढंच म्हणाल्या. राजेश कुंभिवलीच्या कंपनीतून पाळी संपवून आला, तर त्यालाही आधी मागं नेऊन दाखवलं, मग चहा.

रोपांना खरी पानं फुटली आणि होळीच्या तोंडावर ती सकाळ आली.

सुरभी घाईत होती. दुकानातून लवकर बोलावलं होतं. तिनं पळत पळत झारी फिरवली आणि रस्त्याला लागली. पोपटराव ओट्यावरून बघत होते. त्यांना त्या पोरीची दया आली. दिवसभर उभं राहायचं, वर दोन वेळा ही झारी वाहायची. त्यांनी मनात काय धरलं ते मला हात लागताच कळलं.

ते चिखल कालवून माझ्याजवळ आले आणि माझ्या कडेकडेनं बांध घालू लागले. बोटांनी थापत, अंगठ्यानं दाबत, सुबक, एकसारखा. मग मोटर लावून पाइप आणला आणि मला काठोकाठ भरलं. रोपांचे शेंडे तेवढे वर. मागं सरून त्यांनी समाधानानं बघितलं, स्वतःशीच म्हणाले, “आता चार दिस तिला बघायला नको.” आणि ठाकुरवाडीला भाच्याच्या हळदीला निघून गेले. अंबाबाई आदल्या दिवसापासूनच तिकडं होत्या.

मी काय करणार? मला तोंड नाही. पोटातल्या रेतीतून मी पाणी खाली ओढायचा प्रयत्न केला, पण कडेला त्यांचा चिखल असा बसला होता की वाट मिळेना. ऊन चढलं तसं पाणी तापलं. कोवळ्या मुळ्या गुदमरत होत्या आणि बांधातून थेंब झिरपत नव्हता. तोच बांध, ज्याचा मला अभिमान.

दुपार कलली तेव्हा सुरभी आली. पिशवी तिच्या हातातून गळलीच. ती धावत कुदळ घेऊन आली, कुदळ उचलली, आणि तशीच थांबली.

तुम्ही भाताच्या मुलखातले नसाल तर सांगतो. इथं दुसऱ्यानं घातलेल्या बांधाला कुदळ लावत नाहीत. त्यावरून भाऊ भाऊ बोलेनासे झालेत, सोयरिकी तुटल्यात. घाटावरची असली तरी एवढं ती शिकली होती. सासऱ्यांचा बांध, त्यांच्या पाठीमागं, सुनेनं फोडायचा? तिनं फोन लावला. हळदीच्या वाजंत्र्यात पोपटरावांना तो कुठला ऐकू येतोय!

कुदळ टाकून ती घरात गेली आणि वाटी-पातेलं घेऊन आली. माझ्या कडेला गुडघे टेकले आणि वाटीनं पाणी उपसू लागली. रोपांना धक्का न लावता, रेघेरेघेमधून, वाटी भरून पातेल्यात, पातेलं भरलं की बाहेर. ड्रेस चिखलानं भरला. मधेच ती थोडी रडली, पण हात थांबला नाही. इतक्या मायेनं माझ्यावरून कुणाचा हात फिरला नव्हता, आणि तो फिरावा असा तो दिवस नव्हता.

उन्हं उतरताना पोपटराव आणि अंबाबाई परतले. कपाळाला हळद होती. पोपटराव मागं आले आणि उभे राहिले. माझ्या काठावर त्यांचा बांध अख्खा होता. आत चिखलात सुरभी वाटी घेऊन बसली होती.

“अगं, काय करतेस?”

“पाणी काढते, मामा. कुजतील रोपं.”

“मंग बांध नाय का फोडायचा?”

“तुमचा होता.”

 पडलेली कुदळ पोपटरावांनी उचलली आणि आपल्या बांधावर घातली. एका बाजूला, मग दुसऱ्या, मग चारी बाजूंना. जन्मभरात त्यांनी स्वतःचा बांध फोडल्याचं मी पाहिलं नव्हतं. उरलेलं पाणी माझ्या अंगावरून उतरून गेलं.  नवऱ्याकडं न बघता अंबाबाई घरात गेल्या, आणि ते पोपटरावांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

पुढच्या दिवसांत एकेक रोप देठाशी काळं पडून आडवं झालं. सुरभीनं राख टाकली, सावली केली, सगळं केलं. शेवटी एकच राहिलं. कडेचं, जिथं माझा माथा जरा उंच झाला होता. एकच रोप, आणि अंबाबाईंच्या माहेरच्या वांग्याची सगळी भिस्त त्याच्यावर.

ते उपटून दुसरीकडं लावायचा धीर कुणाला होईना. “दगावलं तर?” सुरभी म्हणाली. म्हणून ते माझ्यावरच राहिलं. मी त्याला जे होतं ते सगळं दिलं. एकाच्या वाट्याला अख्खा वाफा, मग काय! रोप झुडपाएवढं झालं. फुललं. पहिलं वांगं धरलं ते बियाण्यासाठी सोडायचं ठरलं, म्हणून अंबाबाईंनी देठाला लाल चिंधी बांधली.

पण वांगं पिवळं व्हायला वेळ लागतो आणि लावणी कुणासाठी थांबत नाही. चिखलणीला गावातल्या नीलेशनं टिलर आणला. फिरवत फिरवत माझ्यापाशी आला आणि ओरडला, “काका, ह्यो उंचवटा घेतो का सपाट करून?”

मी मनाची तयारी केली होती. पोपटरावांच्या खाचरात उंचवटा! ताटात खडा आलेला चालेल त्यांना, हे नाही चालायचं.

“वळसा घाल,” पोपटराव म्हणाले. “त्याला हात लावू नको.”

नीलेश गेल्यावर ते चिखलात उतरले आणि माझ्या पायथ्याशी बांध घालू लागले. तोच चिखल, तीच टाच, तेच दाबणं. फक्त या वेळी पाणी आत धरायला नाही, बाहेर ठेवायला. चहूकडं भाताचं पाणी उभं राहिलं, आणि मधे मी कोरडा. सुरभी बांधावरून बघत होती. त्यांनी मान वर न करताच विचारलं, “बरोबर हाय का गं?”

“बरोबर आहे, मामा.”

गजानं बांधावरून हाक दिली, “पोपट्या, खाचरात देव बसवलास का काय रं?”

एरवी पोपटराव चिडले असते. पण ते कंबर सरळ करून मोठ्यानं म्हणाले, “वांगं हाय. आमच्या हिच्या म्हायेरचं!”

अंबाबाई मागच्या दारात होत्या. त्यांनी ते ऐकलं. त्या रात्रीपासून त्या पोपटरावांशी पूर्वीसारखं बोलू लागल्या, असं घरातून येणाऱ्या आवाजावरून मला वाटतं.

आषाढ सरता सरता वांगं पिवळंजर्द झालं. परवा ते काढलं. बी धुऊन, चुलीच्या उबेला वाळवून, राखेत घोळवून अंबाबाई ओट्यावर बसल्या. एक पुरचुंडी स्वतःसाठी बांधली, दुसरी सुरभीच्या हातात दिली. “एकीकडनं गेलं तर दुसरीकडं असावं,” म्हणाल्या.

पोपटराव खांबाला टेकून उभे होते. घसा खाकरून म्हणाले, “अन् मला?”

अंबाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. “तुमाला? पानी किती घालाल?”

“सुरभी सांगंल तेवढंच.”

अंबाबाईंनी आणखी एक फडकं फाडलं.

तर अशी माझी हकीकत. वांग्याच्या झाडाचं काम झालं, आणि भाताची थोडी रोपं शिल्लक आहेत, ती माझ्या जागेवर लावायची म्हणून आज पोपटराव कुदळ घेऊन आलेत. त्यांनी सुरभीला विचारून घेतलंय. माझी तक्रार नाही. मला सपाट व्हायची सवय आहे, आणि माघात ती मला पुन्हा वर ओढेल. तुम्हाला एवढंच सांगणं, कुणी प्रेमानं चुकलं तर त्याच्या हाताला पुन्हा काम द्या. चला, पहिला घाव पडला. बोलता बोलता माझा अर्ध्याहून अधिक भाग पाण्यात विरघळलाय. पोपटराव वाकून माती ओढतायत, एकाच हातानं. दुसऱ्या हातानं त्यांनी सदऱ्याचा खिसा घट्ट धरून ठेवलाय, आतली पुरचुंडी पाण्यात पडू नये म्हणून.